वर बर्फ होतोय, खाली दूध फाटतंय: गॅस भरायला हो म्हणू का?

ओटा_आणि_मी (इंदूर)
१२ मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. लोकमान्य नगरमधे राहतो आम्ही. फ्रिज डबल डोअर आहे, फ्रॉस्ट फ्री (ज्यातला बर्फ आपोआप वितळतो), २६० लिटरचा, घेऊन आठ वर्षं झाली आणि आजवर आतला दिवा बदलण्यापलीकडे एक रुपया खर्च केला नव्हता. आठवडाभर झाला, वरच्या फ्रीजरमधे बर्फ व्यवस्थित होतोय, रात्री ट्रे भरून ठेवला की सकाळी दगड, पण खालचा भाग म्हणजे नुसतं कपाट. काल सकाळी तापवलेलं दूध संध्याकाळी चहाला घेतलं तर फाटलं, आज बांधून ठेवलेला चक्का आंबट झाला, आणि पुढच्या रविवारी नणंदेकडचे सगळे जेवायला येणार आहेत, आंब्याची पेटी आणून ठेवलीये.

पण खरी काळजी वेगळी आहे. बाबांचं (सासऱ्यांचं) इन्सुलिन याच फ्रिजमधे असतं. बाहेर ४२ तापमान आहे, दुपारी टाकीचं पाणी हाताला चटका देतं, त्यात आता हे.

आज मेकॅनिक आला. दार उघडलं, हात आत घातला, "गॅस निकल गई है" म्हणाला, ३,८०० सांगितले आणि उद्या सकाळी सिलेंडर घेऊन येतो म्हणून गेला. दोन मिनिटं सुद्धा थांबला नाही. घरी सगळे म्हणतायत भरून टाक एकदाचा. मला का कोण जाणे पटत नाहीये. कोणाला यातलं कळत असेल तर प्लीज लवकर सांगा.

रामबागकर
१२ मे, रात्री ११:०५

ताई, फ्रिजचं नंतर. इन्सुलिन आधी हलवा, आत्ता, झोपायच्या आधी. शेजारी कोणाकडे चांगला चालणारा फ्रिज असेल तर त्यांच्याकडे द्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात राहायला हवं. आणि तोवर वरच्या फ्रीजरमधे ठेवते असं अजिबात करू नका, एकदा गोठलं की मग ते वितळून दिसायला पहिल्यासारखं झालं तरी वापरायचं नसतं, टाकूनच द्यायचं. आईच्या वेळी आमच्याकडे हे होता होता राहिलं म्हणून इतकं जीव तोडून सांगतोय. शेजाऱ्यांकडे पण मागच्या भिंतीला टेकवून नको, मधल्या फळीवर, एखाद्या डब्यात.

जे पेन सध्या वापरात आहे ते बाहेर चालतं, साधारण चार आठवडे, पण २५-३० अंशांच्या आत, आणि आपल्याकडे मे महिन्यात तेवढं कुठे मिळणार, तर ओल्या मातीच्या भांड्यात कोरडी डबी ठेवून, सावलीत. दिवस प्रत्येक इन्सुलिनचे वेगळे असतात, खोक्यातला कागद वाचा. आणि आठवडाभर जे त्या गरम कपाटात पडून होतं त्याचं काय करायचं हे उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून विचाराच.

गॅसबद्दल एकच विचारतो. वर बर्फ होतोय ना? मग गॅस गेला कसा?

ओटा_आणि_मी
१२ मे, रात्री ११:३०

समोरच्या काकूंना उठवलं, त्यांच्याकडे देऊन आले. खूप खूप आभार दादा, हे फ्रीजरमधे ठेवायचं मी खरंच मनात आणलं होतं.

जुना_मिस्त्री
१३ मे, सकाळी ६:१५

रामबागकरांनी मुद्द्याचं विचारलंय. मी ३४ वर्षं हेच काम केलं, मल्हारगंजात दुकान होतं, डोळ्यांनी साथ सोडली म्हणून बंद केलं. तो मेकॅनिक आज आला तर सरळ सांगा, आज नको.

आता नीट वाचा. तुमच्यासारख्या फ्रॉस्ट फ्री डबल डोअरमधे गारवा तयार करणारी कॉइल एकच असते, फ्रीजरच्या मागच्या पॅनलच्या आड. तिथेच एक छोटा फॅन असतो. तो कॉइलवरची गार हवा फ्रीजरमधे फेकतो आणि त्यातलीच थोडी एका बोळातून खाली सोडतो. खालच्या भागाला स्वतःची कॉइल नाही. म्हणजे वर गार आणि खाली गरम असेल तर गारवा तयार होतोय, खाली पोचत नाहीये. गॅस कमी झाला असता तर कॉम्प्रेसर (मागे तळाशी असतो तो गॅस फिरवणारा पंप) दिवसरात्र चालून सुद्धा हळूहळू वरचा बर्फ पण मऊ पडला असता आणि दोन्हीकडे बोंब झाली असती. गॅस म्हणजे काही स्कूटरमधलं पेट्रोल नाही वापरून संपायला, बंद नळ्यांमधे तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता जो भरून देतो तो चार महिन्यांनी परत भरायला येतो. माझ्या दुकानात अशी किती माणसं आली असतील, दोनदा तीनदा गॅस भरलेली, डोळ्यात पाणी यायचं बायकांच्या, घरखर्चातून काढलेले पैसे असायचे ते.

तुम्ही एवढं करा. फ्रीजर किती भरलाय ते बघा, मटारच्या पिशव्या, रसाचे डबे जर मागच्या जाळीला चिकटून बसले असतील तर हवाच फिरणार नाही, बोटभर तरी जागा मोकळी ठेवा. मग फ्रीजरचं दार उघडून दाराच्या चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरा. दार उघडलं की बऱ्याच मॉडेलात फॅन थांबतो, बटण दाबलं की त्याला वाटतं दार लागलं, आणि कॉम्प्रेसर चालू असेल तर फॅनचा आवाज यायला पाहिजे. कान लावून ऐका, कसा येतो ते लिहा. आणि फ्रीजरच्या आत एक गोल बटण असेल तापमानाचं, ते कुठल्या आकड्यावर आहे तेही लिहा.

एक थर्मामीटर मिळाला तर आणा, फ्रिजचा मिळतो. हाताला गार लागतंय यावर जाऊ नका. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून तो पेला मधल्या फळीवर रात्रभर ठेवायचा, म्हणजे दार उघडल्याने आकडा लगेच हलत नाही.

डबेवाली_सुदामानगर
१३ मे, सकाळी ९:४०

काका किती छान समजावलंत. मी डबे देते घरगुती, २२ जणांचे, माझ्याकडे एक सिंगल डोअर पण आहे, जुना डायरेक्ट कूल, ज्यात बर्फ साचतो आणि मधलं बटण दाबून वितळवायचा असतो. त्याची गोष्ट सांगते, म्हणजे दुसरं कोणी तसं करणार नाही. दोन वर्षांपूर्वी आमरसाचा डबा बर्फात रुतून बसला होता, ऑर्डरची वेळ झाली होती, मी सुरीचं टोक घालून उचकटला. फुस्स असा आवाज आला, अगदी सायकलच्या ट्यूबसारखा, आणि एक हलका तेलकट वास. त्या फ्रीजरच्या खोक्याच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात आणि तो पत्रा ॲल्युमिनियमचा, एवढा पातळ की सुरीने नुसतं टोचलं तरी भोक पडतं. पूर्ण खोकं बदलावं लागलं. आता मी सुरी, उलथनं, पळी काहीच लावत नाही, डबा निघत नसेल तर फ्रिज बंद करून गरम पाण्याचं पातेलं आत ठेवते पंधरा मिनिटं, आपोआप सुटतो.

सयाजीबागेजवळ (बडोदा)
१३ मे, सकाळी ११:२०

डबेवाली ताई, तो गॅस निघाला तेव्हा शेगडी पेटलेली नव्हती ना जवळ? हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमधे आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसच्या घरातलाच, पेट घेणारा. प्रमाण थोडं असतं, चाळीस पन्नास ग्रॅम वगैरे, पण बंद किचनमधे ठिणगी मिळाली तर धोका आहेच. असा फुस्स आवाज आला तर खिडक्या उघडायच्या, शेगडी विझवायची आणि बटणांना लगेच हात लावायचा नाही.

आमच्याकडे बडोद्यात एक मेकॅनिक जुना गॅस नीट बाहेर न काढताच नळीला जाळ लावायला निघाला होता. मी मागे कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचलं होतं, त्यावर आर-६००ए आणि ज्वाळेचं चिन्ह होतं, म्हणून अडवलं. गॅस कुठला ते त्या लेबलवर लिहिलेलंच असतं, प्रत्येकाने एकदा टॉर्च घेऊन वाचून ठेवा. जुन्या फ्रिजात आर-१३४ए असायचा, तो पेटत नाही, त्यामुळे हात बसलेली माणसं नव्यावर पण तसंच काम करायला जातात.

जुना_मिस्त्री
१३ मे, दुपारी १:०५

बडोदेकर, शंभर टक्के. आम्ही शिकलो तेव्हा आर-१२ होता. मग ओझोनच्या थराला भोक पडतंय म्हणून १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि तो हळूहळू गेला. मग आर-१३४ए आला, ओझोनला त्रास नाही पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १,४०० पट पुढे. आयसोब्युटेनचा तोच आकडा अगदी थोडा, म्हणून जग तिकडे वळलं. गॅस चांगला आहे, फक्त काम करणाऱ्याला त्याची रीत माहीत हवी. भरायची वेळ खरंच आलीच तर तीन गोष्टी विचारा: गळती कुठे सापडली, नळीतला ओल शोषणारा फिल्टर बदलणार का, आणि व्हॅक्युम करून, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढून, गॅस काट्यावर तोलून भरणार का. अंदाजाने भरतो म्हणाला तर नको.

ओटा_आणि_मी
१४ मे, सकाळी ८:३०

सगळं केलं. महाराणी रोडवरून थर्मामीटर आणला. रात्रभर पेल्यात ठेवून सकाळचा आकडा खाली १४, फ्रीजरमधे उणे १५. १४ बघून पोटात गोळा आला, म्हणजे आठवडाभर आम्ही १४ अंशातलं दूध दही खात होतो.

फ्रीजर खरंच ठासून भरला होता, जानेवारीतले मटार, त्यावर नारळाचा चव, त्यावर आईस्क्रीमचे दोन डबे. मागची जाळी पूर्ण झाकली होती. अर्धं काकूंकडे दिलं. फ्रीजरमधलं गोल बटण सगळ्यात थंडवर होतं, मीच उन्हाळा म्हणून एप्रिलमधे फिरवलं होतं.

बटण दाबून फॅन ऐकला. येतो आवाज, पण सरळ नाही, सूंऽऽ आणि मधेच खर्र खर्र असं काहीतरी घासल्यासारखं. आणि मागच्या पॅनलवर खालच्या बाजूला पांढरा बर्फाचा फुगवटा आलाय, प्लास्टिक बाहेर ढकलल्यासारखं दिसतंय. हे आधी दिसतच नव्हतं, मटारच्या मागे होतं.

जुना_मिस्त्री
१४ मे, सकाळी ९:१०

सापडलं. खर्र म्हणजे फॅनचं पातं बर्फाला घासतंय. पॅनलच्या मागे कॉइल बर्फाने गच्च झालीये, जाळीतून हवा जायला वाटच नाही. फ्रीजर कॉइलला चिकटून आहे म्हणून तो गार राहतो, खाली काहीच येत नाही.

ते गोल बटण मधे आणा. तुमच्यासारख्या बऱ्याच फ्रिजात ते बटण थंडी वाढवत नाही, हवेची वाटणी करतं, सगळ्यात थंडवर नेलं की खाली जाणारी झडप अर्धी बंद होते. उन्हाळ्यात लोक नेमकं तेच फिरवतात आणि खालचं अजून गरम होतं. उन्हाळ्यात फिरवायचं तर खालच्या भागातलं.

आता फ्रिज पूर्ण रिकामा करा, प्लग काढा, नुसतं बटण बंद नाही, प्लग, आणि दोन्ही दारं उघडी ठेवून चोवीस तास तसाच राहू द्या. घाई करून हेअर ड्रायर किंवा गरम पाणी पॅनलवर मारू नका, प्लास्टिक तडकतं आणि पाणी वायरिंगमधे जातं. खाली जुने टॉवेल पसरा. टेबलफॅन समोर लांबून लावला तर चालेल.

चालू केल्यावर छान चालला तर खुश व्हा पण लगेच निष्कर्ष काढू नका. आठ दहा दिवसांनी परत तसंच झालं तर दोष डीफ्रॉस्टमधे, म्हणजे कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळवायच्या सोयीत. मटारांनी जाळी अडवल्यामुळे झालं असेल तर परत होणार नाही. त्यामुळे रोज आकडा लिहून ठेवा.

तिलकनगर_इंदूर
१४ मे, सकाळी १०:००

रिकामा केलाच आहे तर दाराचं रबर पण बघून घ्या. दहाची नोट दारात अडकवून दार लावायचं आणि ओढायची, सहज निघाली तर तिथून गरम हवा आत जातेय, आणि त्याच हवेतली ओल कॉइलवर बर्फ होऊन बसते. चारी बाजूंनी सात आठ ठिकाणी करून बघा, बिजागरीच्या बाजूला विसरू नका. आमच्याकडे खालच्या कोपऱ्यात नोट निघत होती, रबराच्या घडीत आंब्याचा रस वाळून बसला होता, कोमट साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासलं, पुसून कोरडं केलं, परत चिकटायला लागलं. नवीन रबर घ्यावं लागलंच नाही.

लष्करवाली (ग्वाल्हेर)
१४ मे, दुपारी २:४५

जरा वेगळं विचारते, धाग्यावर चालेल ना. आमच्याकडे लाईट गेली आणि लगेच आली की मागून टक् असा आवाज येतो, मग घुंऽऽ, मग परत टक्, असं चार पाच वेळा होतं मग चालतो. स्टॅबिलायझर लावावा का? यांचं म्हणणं आहे की आता सगळे स्टॅबिलायझर फ्री येतात.

रामबागकर
१४ मे, दुपारी ३:३०

स्टॅबिलायझर फ्री म्हणजे बहुतेक इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाले (ज्यांचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जोरात चालतो), त्यांच्यावर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. तुमचा जुना साधा कॉम्प्रेसर असेल तर लावा, आणि त्यात तीन मिनिटं उशिरा चालू होणारा घ्या.

कारण असं की कॉम्प्रेसर बंद झाला की एका बाजूला गॅस दाबलेला असतो, तो दाब सारखा व्हायला दोन तीन मिनिटं लागतात. त्याआधी लाईट आली तर मोटर दाबाच्या विरुद्ध उठायला बघते, उठत नाही, तापते, आणि ओव्हरलोड (मोटर तापली की तिची वीज तोडणारा भाग) तिला तोडतो. तोच टक्. कधीतरी झालं तर ओव्हरलोड त्याचं काम करतोय, पण लाईट गेलेली नसताना सुद्धा रोज टक् टक् येत असेल तर आधी रिले (मोटर सुरू करून देणारा भाग) आणि ओव्हरलोड तपासून घ्या, छोटासा भाग आहे कॉम्प्रेसरच्या बाजूला लागलेला, स्वस्तात बदलतो. कॉम्प्रेसर गेला असं कोणी म्हटलं तर आधी हा बदलून बघायला सांगा.

लष्करवाली (ग्वाल्हेर)
१४ मे, संध्याकाळी ६:१०

धन्यवाद, साधाच आहे आमचा, लावते. अजून एक, जानेवारीत आमच्याकडे रात्री चार पाच अंश होतं तेव्हा फ्रीजरमधलं आईस्क्रीम पातळ होतं, उन्हाळ्यात होत नाही. मला वाटायचं बिघडलाय.

जुना_मिस्त्री
१४ मे, रात्री ८:००

नाही बिघडला. एकच थर्मोस्टॅट असेल तर तो खालच्या भागाची हवा बघतो. खोलीच पाच सहा अंशावर आली की त्याला वाटतं सगळं गार आहे, कॉम्प्रेसर चालूच होत नाही, आणि वरचं वितळतं. ग्वाल्हेरच्या थंडीत हे होणारच. फ्रिज उघड्या व्हरांड्यात असेल तर आतल्या खोलीत घ्या.

ओटा_आणि_मी
१५ मे, रात्री ९:५५

२६ तास बंद ठेवला. रात्री दोन वाजता धप्प असा आवाज आला, मी आणि हे दोघं उठून आलो, तर पॅनलमागून बर्फाचा मोठा तुकडा सुटून खाली बसला होता. पाणी एवढं आलं की चार टॉवेल पिळले आणि मागचा ट्रे भरून फरशीवर आलं. नोटेची परीक्षा पण केली, रबर सगळीकडे घट्ट आहे. आज संध्याकाळी चालू केला, चार तासांनी फॅन एकदम गुळगुळीत, खर्र नाही. खाली ९ आणि उतरतोय.

ओटा_आणि_मी
१७ मे, सकाळी ७:३०

खाली ४, वर उणे १७. काका तुमच्या तोंडात साखर पडो. मी रोज लिहून ठेवतेय, कॅलेंडरवरच लिहिते दुधाच्या हिशोबाच्या बाजूला. रविवारचं जेवण छान झालं, श्रीखंड, आमरस दोन्ही. इन्सुलिन मात्र अजून काकूंकडेच ठेवलंय.

पोहे_साडेसहाला
१७ मे, सकाळी ८:१५

वाचनखूण साठवली. फ्रिजच्या बाजूचे पत्रे गरम लागतात ते काय असतं? हात ठेवला तर चांगला चटका बसतो.

तिलकनगर_इंदूर
१७ मे, सकाळी ९:००

ते बरोबर आहे, आतून काढलेली उष्णता तिथूनच बाहेर पडते. पूर्वी मागे काळी जाळी असायची, आता त्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात. म्हणून दोन्ही बाजूंना आणि मागे हात जाईल एवढी जागा हवी, आणि बाजूला पिशव्या, वर्तमानपत्रांची रद्दी, कापडी कव्हर असलं काही नको. मागे जाळी असलेला असेल तर वर्षातून दोनदा प्लग काढून ब्रशने धूळ झाडा.

ओटा_आणि_मी
२५ मे, सकाळी ७:१०

काका, परत. १७ ते २१ रोज ४, २२ ला ५, २३ ला ६, काल ८, आज १०. वर उणे १६ च आहे. फ्रीजर अर्धा रिकामा, जाळी मोकळी, बटण मधे. खर्र अजून नाही पण येईल असं वाटतंय.

जुना_मिस्त्री
२५ मे, सकाळी ७:४०

आता नक्की. डीफ्रॉस्ट होत नाहीये. तुमच्या जुन्या मॉडेलात एक टायमर असतो, कॉम्प्रेसरचे आठ दहा तास झाले की तो कॉम्प्रेसर थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर वीस पंचवीस मिनिटं लावतो, रोजचा पातळ बर्फ रोज वितळून मागच्या ट्रेमधे जातो. त्या हीटरच्या वाटेत बायमेटल (गरम झाला की हीटर बंद करणारा) आणि थर्मल फ्यूज (फारच तापलं तर उडून हीटर तोडणारा) असतात. चारांपैकी एक गेलाय.

हे घरी उघडू नका, आत धारदार पत्रे आहेत आणि २३० व्होल्ट. पण मेकॅनिकला सांगा की डीफ्रॉस्ट तपासायचंय, मीटर घेऊन ये. आणि पॅनल उघडल्यावर तुम्ही स्वतः कॉइलकडे बघा. पूर्ण कॉइल सारखी पांढरी असेल तर डीफ्रॉस्ट. फक्त एका टोकाला बर्फ आणि बाकीची कॉइल उघडी कोरडी असेल तर मात्र गॅस कमी आहे, तेव्हा माझं आधीचं म्हणणं मागे घेतो.

ओटा_आणि_मी
२७ मे, रात्री १०:२०

आज झालं काम. दुसरा मेकॅनिक बोलावला, तरुण मुलगा, मीटर घेऊन आला. पॅनल काढलं तेव्हा मी टॉर्च धरून उभी होते. कॉइल या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी, नारळाच्या वडीची थापी असते ना अगदी तशी, मधले पत्रे दिसतच नव्हते. त्याने स्वतःच म्हटलं, "गॅस तो फुल है."

हीटर मोजला, ३४० च्या आसपास ओहम, चांगला. टायमर पेचकसाने फिरवला, टक् झालं, कॉम्प्रेसर थांबला म्हणजे तोही चांगला. थर्मल फ्यूज मेला होता, मीटर काहीच दाखवत नव्हता. बायमेटलचं त्याने सांगितलं की हा गार असतानाच जोडतो, गरम झाला की तोडतो, म्हणून बाहेर मोजून कळत नाही. मग तो काकूंच्या फ्रीजरमधे अर्धा तास ठेवला, काढून लगेच मोजला, जोडलेला. हातात धरून गरम केला, तरी जोडलेलाच. म्हणजे तो अडकला होता, हीटर बंदच करत नव्हता, म्हणून फ्यूज उडाला.

बायमेटल आणि फ्यूजचा सेट ४५०, मजुरी ५००. एकूण ९५०, बिल लिहून दिलं आणि जुने भाग माझ्या हातात दिले.

सयाजीबागेजवळ (बडोदा)
२७ मे, रात्री १०:४५

वा! ३,८०० च्या जागी ९५०, आणि मूळ दोष गेला. हीटरचा आकडा पण बसतो, दीडशे वॅटचा असेल तर २३० व्होल्टला साडेतीनशेच्या आसपासच येतो.

एक विचारतो, आमच्याकडे एकाने थर्मल फ्यूज न बदलता दोन वायरी सरळ जोडून दिल्या होत्या, चालतोय तीन महिने. चालेल ना?

जुना_मिस्त्री
२८ मे, सकाळी ५:५०

नाही चालणार. उद्यापर्यंत थांबू नका, आजच प्लग काढा आणि फ्यूज लावून घ्या. हात जोडून सांगतो.

ताईंच्या फ्रिजात काय झालं ते परत वाचा. बायमेटल अडकला, हीटर तापत राहिला, आजूबाजूला प्लास्टिक आणि फोम, आणि तो फ्यूज साधारण सत्तर अंशाला उडाला म्हणून घर वाचलं. तो फ्यूज तिथे त्या एका दिवसासाठी बसवलेला असतो. वायर सरळ जोडली की त्या दिवशी अडवायला कोणी नाही, आणि फ्रिजमधला गॅस पेट घेणारा. शंभर दोनशे रुपयांच्या भागासाठी हे करणारा माणूस कारागीर नाही. मी जळलेला फ्रिज बघितलाय, दार आतून वितळून लोंबत होतं.

सयाजीबागेजवळ (बडोदा)
२८ मे, सकाळी ७:२०

प्लग काढला काका. बर्फाचे खोके आणून दूध त्यात ठेवलंय. आज बदलूनच चालू करतो.

डबेवाली_सुदामानगर
२८ मे, सकाळी ११:००

यावरून आठवलं, माझ्या मोठ्या फ्रिजला भाजीच्या ट्रेखाली सारखं पाणी साचतंय, भाजी सडते खालची. तेही हेच का?

जुना_मिस्त्री
२८ मे, दुपारी १२:१५

नाही, तुमचं पाणी वितळतंय पण बाहेर जायची वाट बंद आहे. आतल्या मागच्या भिंतीला तळाशी किंवा फ्रीजरच्या पॅनलमागे एक छोटं भोक असतं, तिथून नळीने पाणी मागच्या ट्रेमधे जातं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाळतं. त्या भोकात कोथिंबिरीची काडी, भाताचं शीत, असलं काही अडकतं. भोक समोर दिसत असेल तर प्लग काढून कोमट पाणी पिचकारीने सोडा, मऊ प्लास्टिकची बारीक नळी हळूच घाला, तार घालू नका.

ओटा_आणि_मी
८ जून, रात्री ९:३०

धागा वर काढतेय, सांगायचं राहिलं होतं. १२ दिवस झाले, रोज ४, एक दिवस ५ झाला तेव्हा दार नीट लागलं नव्हतं. बाबांचं इन्सुलिन परवा घरी आणलं, डॉक्टरांनी जुनं टाकायलाच सांगितलं होतं, हे नवीन आहे. मधल्या फळीवर स्टीलच्या डब्यात, भिंतीपासून चार बोटं लांब, आणि शेजारी तो पाण्याचा पेला थर्मामीटरसकट कायमचा ठेवलाय. बाबा आता स्वतःच सकाळी उठून आकडा वाचतात आणि मोठ्याने सांगतात.

डबेवाली ताई, तुम्ही मेसेजमधे त्या मुलाचा नंबर मागितला होता, त्याला विचारून पाठवलाय. आणि काकांनी मागच्या ट्रेचं सांगितल्यावर मी आमचाही काढून बघितला. आठ वर्षांचा काळा चिकट थर होता तळाला, झुरळं पण. सोडा आणि गरम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून परत बसवला.